साखर आधी

काटेवाल्याच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्याला नमस्काराआधी ओरडा मिळायचा. "हात काढा! पारड्यावरचा हात काढा आधी!" भाजीवाली असो, सोनाराकडचा माणूस असो की औषधांच्या गोदामातला टायवाला साहेब, काटा बिघडलाय हे दाखवायला प्रत्येकजण त्यावर घाईघाईने काहीतरी ठेवायचाच. कुणी किल्ल्यांचा जुडगा, कुणी सफरचंद, कुणी तर स्वतःचं कोपर. काटेवाला ते सगळं उचलून बाजूला ठेवायचा, पारडं फडक्याने पुसायचा आणि काटा शून्यावर येतो का ते वाकून बघायचा. "रिकामा असताना हा खरं बोलतो की नाही ते बघू द्या. भरल्यावर काय, सगळेच बोलतात." मग समोरच्याकडे असा बघायचा, की आपण काटा मारताना पकडले गेलोय असं त्या बिचाऱ्याला वाटावं. तोंडाचा फटकळ, पण हात इतका हलका, की लोक बोलणी खाऊन पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

दुकान म्हणजे गल्लीतली एक अरुंद खोली. पुढे लोखंडी शटर, मागे उभा जिना आणि जिन्यावर दोन खोल्यांचं घर. फळीवर पितळी वजनं मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने मांडलेली. कोपऱ्यात काचेच्या पेटीत एक नाजूक तराजू होता, त्याच्यासमोर काटेवाला स्वतःसुद्धा श्वास आवरून बसायचा. एवढ्या नीटनेटक्या माणसाच्या नाकावर टिच्चून त्या घरात मुंग्या राज्य करत होत्या. खणात मुंग्या, कोटाच्या खिशात मुंग्या, जिन्याच्या कठड्यावर मुंग्यांची रांग. कारण जिथे जिथे हात पोचेल तिथे तिथे त्याने साखर ठेवली होती. पुडीत, डबीत, उशीखाली, चपलांच्या कपाटात.

"एक दिवस या घरातल्या मुंग्यांनाही मधुमेह होणार आहे," त्याची बायको म्हणायची. ती एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला जायची आणि दिवसभर दुसऱ्यांच्या सुरकुत्या काढून घरी आली, की आपल्याच कपड्यांच्या खिशातून मुंग्या झटकायची.

साखर होती मुलीसाठी. मुलगी जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून बापाने त्याच्या धंद्यातल्या सगळ्यात लहान वजनाचं नाव तिला ठेवलं, गुंज. तेच पडलं. शाळेत जायला लागली आणि वर्षभरातच कळलं, की तिच्या अंगात इन्सुलिन तयार होत नाही. तेव्हापासून सुई. सुईने साखर खाली येते, पण कधी फारच खाली येते. मग हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. वेळेवर गोड पोटात गेलं नाही तर माणूस भलतंच बोलू लागतो, आणि नंतर बोलतच नाही. बोट टोचून साखर मोजायचं छोटं यंत्र घरात होतं. पण काटेवाल्याचा नियम होता, साखर आधी, यंत्र नंतर. गुंजेने नुसतं "बाबा" म्हटलं आणि आवाज जरा कापला, की त्याचा हात तिच्या तोंडाशी पोचलेला असायचा.

आणि त्या घरात भीती नावाची गोष्ट नव्हती. म्हणजे भीती होती, मुबलक होती, शब्द नव्हता. ट्रक अंगावरून जाता जाता राहिला, तरी "साखर उतरली असेल, घे." अंधार पडला, कुत्रं मागे लागलं, बाई वर्गात ओरडल्या, "साखर उतरली असेल, घे." लहानपणी झोपाळा उंच गेल्यावर पोटात गोळा येतो ना, त्यालाही गुंज साखर उतरणं म्हणायची आणि पायाने झोपाळा थांबवून खिशातली पुडी शोधायची. बाकीच्या पोरी हसायच्या. तिला कळायचं नाही, या एवढ्या सगळ्यांची साखर उतरते आणि एकीच्याही खिशात पुडी कशी नाही.

हा शब्द घरातून कुणी हाकलला, ते घरातल्या दोनच माणसांना ठाऊक होतं. काटेवाल्याला आणि त्याच्या आईला. आणि ती दोघं त्यावर एकमेकांशी कधी बोलली नव्हती.

काटेवाल्याला एक धाकटी बहीण होती. तिलाही हाच आजार. त्या काळी बोट टोचून बघायचं यंत्र घराघरात नव्हतं, सगळा कारभार अंदाजाने चालायचा. ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. दुसऱ्या दिवशी परीक्षा. दुपारची वेळ, वरच्या आतल्या खोलीत ती पुस्तक घेऊन पडली होती आणि हा बाहेरच्या टेबलाशी बापाच्या दुकानातले छोटे काटे पुसत बसला होता. आतून तिचा आवाज आला. "आई, मला कसंतरी होतंय. हात थरथरताहेत."

आई आत गेली. तिच्या कपाळावर हात ठेवला. "परीक्षेची भीती आहे ती. दुसरं काही नाही. पड जरा, बरं वाटेल." आणि बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं. पोराला म्हणाली, "आत जाऊ नकोस, झोपू दे तिला."

थोड्या वेळाने दारामागून पुन्हा आवाज आला, जरा जड. "दादा, मला कसंतरी होतंय." तो काटा पुसत म्हणाला, "झोप ना आता." दिवे लावायची वेळ झाली तेव्हा ती उठवल्याने उठली नाही.

त्यानंतर तो बाप झाला, केस पिकले, चष्मा लागला. ती मात्र तेवढीच राहिली. दुपारी गल्ली सामसूम झाली, त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि काम हातात घेतलं, की यायची. दिसायची नाही. आधी काचेच्या पेटीतल्या तराजूची दांडी हलायची. रिकामं पारडं किंचित खाली जायचं, कुणीतरी बोट टेकवल्यासारखं. वारा असेल, असं तो स्वतःला सांगायचा, पण पेटी चारी बाजूंनी बंद असायची आणि हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? मग मागून, जिन्याच्या अंधाऱ्या बाजूने, "दादा." केस पिकलेल्या माणसाला एवढीशी पोर दादा म्हणायची. "दादा, मला कसंतरी होतंय." तो ताडकन उठायचा. धडाधड शटर वर करायचा, उजेड आत घ्यायचा, उगाचच एखादी पितळी पट्टी हातोडीने ठोकत बसायचा. शेजारचा घड्याळवाला म्हणायचा, "दुपारी माणसं झोपतात, हा ठोकतो." पट्टीला कसलाही पोक आलेला नसायचा.

गुंज तिच्याएवढी झाली ते वर्ष त्याने कसं काढलं, त्याचं त्याला माहीत. गुंज तिच्याहून मोठी झाली त्या दिवशी तो दुकानात बसून रडला, आणि घरात कुणी विचारलं नसताना "डोळ्यात पितळेचा कीस गेला" म्हणून सांगितलं.

आता गुंजेला नकाशे काढायचं शिकायचं होतं. जमीन मोजायची, रेषा आखायच्या, कुठे चढ कुठे उतार ते कागदावर आणायचं. त्या अभ्यासक्रमाला प्रवेशपरीक्षा होती. पोरगी हुशार, घरी बसून जुने पेपर झरझर सोडवायची. पण परीक्षेच्या खोलीत दोनदा बसली आणि दोनदा अर्ध्यातून उठून आली. प्रत्येक वेळी तेच. प्रश्नपत्रिका हातात पडते, हात थरथरतात, छाती धडधडते, घाम येतो. साखर उतरली! ती ग्लुकोजची गोळी खाते. थरथर थांबत नाही. आणखी एक. आणखी दोन. मग घशाला कोरड, सारखं पाणी, सारखं बाथरूम, डोक्याचा भुगा आणि समोरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी. घरी येऊन यंत्र लावलं की आकडा आभाळाला टेकलेला.

"बघा, किती चढवली!" बायको म्हणायची.

"चढली तर उतरवता येते," काटेवाला म्हणायचा. "उतरली तर..." आणि वाक्य तिथेच सोडून जिना उतरून जायचा.

तिसऱ्यांदा बसता येत होतं, ते शेवटचं. गुंजेची भूक गेली. पेन हातात घेतलं की बोटं गार पडायची. एक दिवस आईला म्हणाली, "मी नाही बसत. मला जमणारच नाही. माझं अंगच फितूर आहे." बायकोने नवऱ्याला काही विचारलं नाही. लाँड्रीतून सुट्टी घेतली आणि मुलीला, नवऱ्याला धरून दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातली सिस्टर पोक्त बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि साधा प्रश्न विचारला. "पेपरात पहिली गोळी खाल्लीस, त्याच्या आधी साखर किती होती?"

गुंजेने बापाकडे बघितलं. बापाने खिडकीकडे.

"म्हणजे मोजलीच नाही कधी?"

"साखर आधी, यंत्र नंतर," काटेवाला म्हणाला.

"यंत्र जवळ नसेल, शंका असेल, तर बरोबर आहे तुमचं. साखरच आधी. ती भानावर नसली, बरळायला लागली, तर थेट डॉक्टर. पण यंत्र हातात असताना?" सिस्टर गुंजेकडे वळली. "हे बघ, साखर उतरली तरी हात थरथरतात आणि जीव घाबरला तरी थरथरतात. घाम तोच, धडधड तीच. शरीराकडे दोन वेगळी सोंगं नसतात, एकच असतं, दोन्हीकडे तेच वापरतं. त्यात तुझी चूक नाही आणि अंगाचीही नाही. बाहेरून ओळखू येत नाही म्हणून मोजायचं. उतरलेली असली तर खा. नसली तर पाय जमिनीला टेकव, श्वास आत घेतेस त्याच्यापेक्षा सावकाश बाहेर सोड. आणि स्वतःला सांग, ही भीती आहे. भीती वाढते, टोकाला जाते आणि खाली येते. थोड्या वेळाने पुन्हा मोज. जेवण मात्र चुकवायचं नाही. आणि एवढं करूनही ती सारखी मानगुटीवर बसत असेल तर त्यासाठी वेगळ्या बाई आहेत आपल्याकडे, त्यांच्याशी बोल. लाजायचं काय त्यात? भीतीला भीती म्हणायला..."

खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला. काटेवाला उठून बाहेर गेला होता.

गुंजेने त्याला रस्त्यात गाठलं. "बाबा, काय झालं?"

"काही नाही. तुझ्या खिशात गोळ्या आहेत ना?"

"आहेत. बाबा, मी यावेळी आधी मोजणार."

"साखर आधी!" तो इतक्या जोरात ओरडला, की रस्त्यावरची दोन माणसं थांबली.

गुंज आजवर त्याला उलटून बोलली नव्हती. आता मात्र बोलली. "गिऱ्हाइकाने पारड्यात काही टाकलं तर तुम्ही त्याच्या अंगावर धावून जाता. रिकामं करा, आधी शून्य बघू द्या म्हणता. आणि माझ्या पारड्यात तुम्ही इतकी वर्षं आधी माल टाकता, मग आकडा वाचता. मला अजून माहीतच नाही बाबा, मी रिकामी असताना किती असते."

तेवढ्यात मागून बायको येऊन पोचली. घरी येईपर्यंत तिघं ओळीने चालत राहिली. त्या संध्याकाळी त्याने सगळ्या पुड्या पुन्हा भरल्या, नेहमीपेक्षा जास्त.

परीक्षेला काही दिवस उरले असतानाची दुपार. वर उकडत होतं म्हणून गुंज दुकानात मागच्या बाजूला स्टुलावर अभ्यासाला बसली होती. शटर अर्धं खाली. काटेवाला एका स्प्रिंगकाट्याचं पोट उघडून बसला होता. काचेच्या पेटीत दांडी हलली. त्याने तिकडे बघायचं टाळलं. पारडं किंचित खाली गेलं, हे त्याला न बघताही कळलं. आणि मागून आवाज आला.

"मला कसंतरी होतंय."

तो ताडकन उठला, शटरला हात घातला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की या वेळी कुणी दादा म्हटलं नाही. त्याने वळून बघितलं. गुंज पांढरीफटक पडली होती. कपाळावर घाम, हातातलं पेन टकटक टेबलावर आपटत होतं. "बाबा, हात थरथरताहेत."

शब्दही तेच. त्याच्या खिशातून गोळ्या कशा निघाल्या, त्याला कळलं नाही. तो तिच्या तोंडाशी गोळी धरून उभा राहिला. गुंजेने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. एका हाताने ती यंत्राची डबी उघडायला बघत होती, पण बोटं धड चालत नव्हती. "खा! गुंजे, खा!" त्याने तिची हनुवटी धरली. तिने त्याचा हात ढकलला. गोळ्या जमिनीवर उडाल्या, डबी पडली, यंत्राच्या पट्ट्या विखुरल्या. "मोजू द्या! बाबा, एकदा मोजू द्या!" ती रडत ओरडली, आणि तो तिच्याहून मोठ्याने "खा" म्हणून ओरडला.

जिन्यावर पावलं वाजली. काटेवाल्याची आई जिना उतरत होती. गुडघे गेल्यापासून ती वरच खिडकीशी बसून दुकानाचे बारीक स्क्रू निवडून द्यायची, खाली उतरल्याला तिला वर्षं झाली होती. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती आली आणि गुंजेच्या शेजारच्या खोक्यावर बसली. तिने नातीचा गार, ओला हात आपल्या मांडीवर घेतला.

"भीती वाटते का गं, बाळ?"

"आई!" काटेवाल्याचा आवाज चिरकला. "ते म्हणायचं नाही! एकदा म्हणालीस तेवढं पुरे नाही झालं?"

इतक्या वर्षांचं मौन एका वाक्यात फुटलं. गुंज रडायची थांबली आणि दोघांकडे बघत राहिली. म्हातारीने मुलाकडे बघितलं नाही. ती गुंजेचा हात चोळत राहिली.

"खोटं नव्हतं रे ते," ती म्हणाली. "पोर घाबरलेली होतीच. सकाळपासून घास उतरत नव्हता तिला, आणि सुई मात्र मी रोजच्याइतकीच टोचली. घाबरली म्हणून जेवली नाही, जेवली नाही म्हणून साखर उतरली. दोन्ही खरं होतं. तू समजतोस मी भीती म्हटलं म्हणून ती गेली. नाही रे बाबा. मी भीती म्हटलं आणि उठून गेले. दार ओढून घेतलं. मला वाटलं, नुसती भीती तर आहे, त्याला काय बसायचं तिच्यापाशी." तिने श्वास घेतला. "बसले असते तर दिसलं असतं ना मला."

काटेवाला शटरला टेकून उभा होता. बाहेरच्या उजेडाची पट्टी त्याच्या चपलांवर पडली होती.

"आता मी बसलेय," म्हातारी म्हणाली. "उठत नाही. तू यंत्र लाव."

तो खाली वाकला. गोळ्यांमधून एक पट्टी उचलली, नको, जमिनीवर पडलेली नको, म्हणून डबीतली दुसरी काढली. ज्या हातांनी तो केसाएवढी स्प्रिंग बसवायचा त्या हातांना पट्टी यंत्रात घालता येईना. शेवटी घातली. गुंजेने बोट पुढे केलं, त्याने पुसलं, टोचलं. आकडा यायला वेळ असा कितीसा लागतो? तेवढ्यात त्याने बहिणीचं सगळं आयुष्य पुन्हा बघितलं, ते फार लांबीचं नव्हतं.

"किती?" म्हातारीने विचारलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. त्याचा स्वतःवरच विश्वास बसला नाही, त्याने यंत्र उजेडात नेऊन पुन्हा बघितलं. "अगदी ठीक आहे. उतरलेली नाही."

"म्हणजे ही नुसती भीती?" गुंज म्हणाली.

"नुसती कशाला म्हणतेस?" आजी म्हणाली. "ती काय थोडी असते होय? पाय टेकव खाली. सोड श्वास. मी आहे."

गुंजेने पाय टेकवले. आजीच्या पुटपुटण्याबरोबर ती श्वास सोडत राहिली, पहिल्यांदा हुंदक्याने तुटत, मग जरा लांब. काटेवाला बघत होता. थरथर लगेच थांबली नाही. बराच वेळ तो खिशातला हात बाहेर काढत होता आणि परत आत घालत होता. मग हळूहळू गुंजेचा रंग परतला. पुन्हा मोजलं, आकडा जवळपास तिथेच होता. गोळी एकही न खाता तिचे हात थांबले होते. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं, आणि ती आपल्याच हातांकडे परक्याच्या हातांकडे बघावं तशी बघत बसली.

म्हातारीला परत वर चढवायला काटेवाल्याने पाठीवर घेतलं. अर्ध्या जिन्यात ती त्याच्या कानाशी म्हणाली, "मला पण ऐकू येते रे ती. वर खिडकीत." तो थांबला. म्हणजे इतकी वर्षं, खाली तो शटर वर करत होता तेव्हा वर ती... त्याने तिला जरा सावरून घेतलं आणि उरलेल्या पायऱ्या चढला.

परीक्षेच्या दिवशी गुंज सकाळी जेवली. फार नाही, पण जेवली. यंत्र आणि गोळ्या दोन्ही आत न्यायची परवानगी बायकोने चार चकरा मारून मिळवली होती. काटेवाला फाटकाच्या पायरीवर बसला. तिथून जाळीच्या खिडकीतून वर्गाबाहेरचा व्हरांडा दिसायचा. घंटा झाली. पोरं आत गेली. रखवालदार त्याच्याकडे बघून म्हणाला, "घरी जाऊन या की. पोरं लिहितात आत, आणि घाम तुम्हाला फुटलाय."

"इथेच बरं आहे," काटेवाला म्हणाला.

फार वेळ झाला नसेल. व्हरांड्यात दार उघडलं आणि गुंज बाहेर आली. मागोमाग देखरेखीच्या बाई. काटेवाल्याची मूठ खिशात गोळ्यांवर आवळली. गुंज बाकावर बसली. लांबूनही तिचे हात कापताना दिसत होते. तिने डबी उघडली, बोट टोचलं, वाट बघितली. काटेवाला अर्धवट उठला होता. तिने आकडा वाचला. मग मान वर केली आणि जाळीतून तो तिला दिसला. तिने नकारार्थी मान हलवली, आणि हात छातीवर ठेवला. भीती आहे, बाबा. तिने डबी मिटली, दोन्ही पाय जमिनीला टेकवले, डोळे मिटले. बाई तिच्याजवळ उभ्या राहिल्या, गेल्या नाहीत. कितीतरी वेळाने ती उठली आणि आत गेली.

काटेवाला पुन्हा पायरीवर बसला. रस्ता दुपारचा सामसूम झाला होता. रखवालदार सावलीत पेंगत होता. आणि मग इथे, दुकानापासून इतक्या लांब, जिथे ना जिना होता ना काचेची पेटी, त्याच्या शेजारच्या रिकाम्या पायरीवरून आवाज आला. "दादा."

त्याचे गुडघे सवयीने ताठले. उचलायला इथे शटर नव्हतं, ठोकायला पट्टी नव्हती. पण चालू पडायला रस्ता होता. तो चालू पडला नाही.

"दादा, मला कसंतरी होतंय."

"भीती वाटतेय का गं?" तो हलकेच म्हणाला. असं मोठ्याने, उघड्या रस्त्यावर. रखवालदाराने एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला. काटेवाल्याचे हात मांडीवर थरथरत होते. त्याने पाय जमिनीला टेकवले. "मी आहे," तो म्हणाला. "मी बसलोय इथे." त्याचे डोळे वाहत होते, ते त्याने पुसले नाहीत. पायरी तापली होती. तो तिथून हलला नाही.

शेवटची घंटा झाली. पोरांचा लोंढा बाहेर पडला. गुंज सगळ्यांच्या शेवटी आली, केस विस्कटलेले, बोटांना शाई.

"झाला?"

"शेवटचा प्रश्न राहिला," ती म्हणाली. "बाकीचा सगळा लिहिला. मधे एकदा खरंच उतरली होती, तेव्हा मोजून दोन गोळ्या खाल्ल्या. आणि बाबा, दोन्ही वेळा मला कळलं." मग तिची नजर त्याच्या हातांवर गेली. "तुमचे हात का थरथरताहेत?"

काटेवाल्याने डोळ्यात कीस गेल्याचं सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"भीती वाटली, गुंजे," तो म्हणाला. "फार वर्षं वाटतेय."

घरी जायचं होतं, आई आणि आजी खिडकीत वाट बघत असणार होत्या. गुंजेने पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारच्या पायरीवर बसली.